रिग्गईचं राजघराणं

मॉन्टेनेग्रो नावाच्या देशाच्या राजघराण्याची मनापासून काळजी वाहणारा मराठी माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि तो कुवेतमध्ये रिग्गईला दिशदाशे शिवायचा. 'होऊन गेला' असं लिहिलं खरं, पण मामू अजून धडधाकट आहेत. दापोलीच्या पलीकडे खाडीकाठच्या आपल्या गावात ते रोज सकाळी साखरेचं इंजेक्शन घेतात आणि मामींची नजर चुकवून वर दोन जिलब्या खातात. राजांबद्दल बोलताना 'होऊन गेला' म्हणायची पद्धत असते म्हणून तसं लिहिलं, एवढंच. मामूंनाही ते आवडेल.

त्यांचं खरं नाव फक्त त्यांच्या इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, कार्डावर होतं. बाकी आमच्या बिल्डिंगच्या केरळी वॉचमनपासून दुकानाच्या म्हाताऱ्या कुवेती मालकापर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणायचे. मालकाला वाटायचं हेच त्यांचं नाव आहे. माझ्या फ्लॅटच्या खालीच त्यांचं दुकान होतं. कुवेती पुरुषांचा तो घोट्यापर्यंतचा झगा, म्हणजे दिशदाशा, तिथे शिवून मिळायचा. उन्हाळ्यात पांढरा, थंडीत राखाडी, तपकिरी, निळा. दुकानात एक लांब कटिंगचं टेबल, दोन मशिनी, कापडाचे तागे, आणि भिंतीवर काबाशरीफच्या फोटोपासून अदबीने थोडं खाली एक पिवळं पडलेलं चित्र होतं. त्यात डोंगर होते, एक बसकी लांबट इमारत होती आणि समोर भरघोस मिशांचा, कमरेला पिस्तूल खोचलेला एक माणूस उभा होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे मामूंचे कोणी पूर्वज असावेत. पुढे कळलं की मामूंनाही तसंच वाटायचं.

आमची ओळख पँटमुळे झाली. मी नवीनच आलो होतो, एका कंपनीत अकाउंट्स विभागात. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बी.कॉम. केलेलं, आणि पहिल्या दिवशी ऑफिसात घालायला चुलतभावाची चांगली पँट मागून आणलेली. ती कमरेत सैल होती. मी ती घालूनच दुकानात शिरलो. मामूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "ही पँट तुजी नाय."

मी म्हणालो, "नाही. भावाची आहे."

"शिकलायस काय?"

"बी.कॉम."

"घरात पयलाच?"

"हो."

"वडील?"

"बाजार समितीत हमाली करतात."

मामू एकदम उठून उभे राहिले. मला वाटलं आता जा म्हणतात. पण त्यांनी गळ्यातली टेप काढली, माझ्या कमरेला लावली आणि म्हणाले, "म्हंजे तू संस्थापक! संस्थापकाची पँट अशी नाय चालत." पँट त्यांनी तिथल्या तिथे बेतात बसवून दिली. मला लुंगी नेसायला लावून स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि मॉन्टेनेग्रोच्या राजघराण्याचा पाया कसा घातला गेला ते सांगायला सुरुवात केली. पँट लवकर झाली. पाया घालणं सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानपर्यंत चाललं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'संस्थापक' झालो. आमच्या घरात कोणाच्या नावापुढे असा शब्द कधी लागला नव्हता. मामू तो थट्टेने म्हणायचे, तरी ऑफिसात साहेबाची बोलणी खाऊन आलो की तो शब्द ऐकायला मी मुद्दाम दुकानावरून जायचो.

हे वेड त्यांना एका इंजिनियरने लावलं होतं. मामू ऐन विशीत कुवेतला आले तेव्हा शुऐबाच्या कारखान्यांच्या बाजूला मॉन्टेनेग्रोकडचे पुष्कळ युरोपी लोक बांधकामं करायचे. त्यांतला एक उंच, लाल नाकाचा, एकटा राहणारा म्हातारा इंजिनियर कोट दुरुस्त करायला येऊ लागला, आणि कोट झाला तरी येत राहिला. त्याची अरबी लंगडी आणि मामूंची अरबी लंगडी. दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालावेत तसा तो सगळा इतिहास रिग्गईपर्यंत आला. मग इराकची लढाई आली, माणसं पांगली, मामू जॉर्डनच्या वाळवंटातून कसेबसे घरी पोहोचले. परत आले तेव्हा इंजिनियर कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवरचं चित्र त्याचंच. मामू म्हणायचे, "त्येच्या मागं त्येच्या मुलकाची याद ठेवणारा हितं मीच एक. मी नाय सांगितलं तर कोण सांगणार?" आणि ते सांगायचे. माप देत असताना हात वर करून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पळून जाता येत नाही, या सोयीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

त्या राजघराण्याची मामूंना सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे गादीची रीत. तो डोंगराळ मुलूख पिढ्यानपिढ्या धर्मगुरूंच्या ताब्यात होता. राजा म्हणजेच तिथला बिशप. बिशपाला लग्न करता येत नाही, म्हणून मुलगा नाही, म्हणून एक बिशप गेला की गादीवर भाचा बसायचा. तो गेला की त्याचा भाचा. मामूंना हे ऐकलं तेव्हा म्हणे अंगावर काटा आला, कारण आपल्या दुकानाची हीच कहाणी आहे असं त्यांच्या लक्षात आलं. मामूंना कुवेतला आणलं त्यांच्या मामांनी, आणि त्या मामांना त्यांच्या मामांनी, बोटीने, जेव्हा दुकान जुन्या बाजारात होतं. तिघांचीही लग्नं झालेली, पण तिघांच्याही बायका जन्मभर गावीच. कुवेतमध्ये बायको सोबत नसलेल्या पुरुषाला 'बॅचलर' म्हणतात, मग गावी त्याला नातवंडं का असेनात. जलीब नावाच्या वस्तीत एका खोलीत पाच बॅचलर राहायचे, त्यांत मामू सर्वांत ज्येष्ठ. "माजं लगीन झालंय ते गावात," ते म्हणायचे. "हितं मी सरकारमान्य बिशप."

एकदा मी फोनवर शोधून पाहिलं आणि मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेलो, की मामू, ते भाचे नसून बहुतेक पुतणे होते. मामूंनी माझ्या फोनकडे दयेने पाहिलं. "इंग्रजीत भाचा नि पुतण्या एकाच शब्दात कोंबतात. तुज्या मोबाइलला नातं कळतं काय?" तो देश आता प्रजासत्ताक आहे, राजा वगैरे कोणी नाही, हेही मी एकदा सांगून बसलो. त्यावर ते थोडा वेळ कात्रीला तेल देत राहिले आणि म्हणाले, "तात्पुरतं असंल."

असा एकही प्रसंग नव्हता ज्याला त्या राजघराण्यात दाखला सापडत नसे. जलीबच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीन चढवायचं होतं. लिफ्ट बंद, सगळे घामाघूम, एक जण म्हणाला राहू दे खालीच. मामू जिन्यात उभे राहून गरजले, "त्या बिशपाने बिलियर्डचं टेबल डोंगरावर नेलंन माणसांच्या खांद्यावरून! राजवाड्याला नाव पडलं त्या टेबलाचं! आणि तुमाला एक मशीन जड होतंय?" बिलियर्ड म्हणजे काय हे खोलीतल्या कोणालाही माहीत नव्हतं, पण मशीन वर गेलं, आणि त्या खोलीला अजूनही लोक 'मशीनवाली खोली' म्हणतात. दुकानात वाकलेल्या सुया, तुटकी बटणं, जुनी बॉबिनं ते कधी फेकत नसत. त्या देशात लढाई आली तेव्हा छापखान्यातले शिशाचे खिळे वितळवून बंदुकीच्या गोळ्या केल्या होत्या. कधी कशाची गरज पडेल सांगता येत नाही. वाकलेल्या सुयांचा डबा भरून वाहू लागला तरी शत्रू काही आला नाही.

तिथला एक राजा झाडाखाली बसून न्याय करायचा. रिग्गईत दुकानासमोर एकच धुळकट झाड होतं, त्याखाली मामूंनी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या. शुक्रवारी नमाज आटोपली की तिथे खटले चालत. जलीबच्या खोलीतल्या फ्रिजमधला खालचा कप्पा कोणाचा या वादात दोन रूम-पार्टनर महिनाभर बोलत नव्हते. मामूंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की वाद मिटेपर्यंत कप्पा जप्त, त्यात माझी साखरेची इंजेक्शनं राहतील. वाद लगेच मिटला. इंजेक्शनं मात्र तिथेच राहिली. शेवटच्या राजाच्या मुली मोठमोठ्या राजघराण्यांत दिल्या होत्या, म्हणून त्याला सगळ्या युरोपचा सासरा म्हणत. मामूंच्या दोन मुली, एक दोह्याला दिलेली, एक मस्कतला. "मी आखाताचा सासरा," असं म्हणून ते मिशी नसलेल्या ओठावरून बोट फिरवायचे. मस्कतवालीचं लग्न त्यांनी दुकानात उभं राहून फोनवर पाहिलं होतं. ईदचा हंगाम होता, निघता आलं नाही. हे ते सांगत नसत, मला त्यांच्या खोलीतल्यांनी सांगितलं.

तो राजा पन्नास वर्षं नुसता प्रिन्स होता आणि मग एके दिवशी त्याने स्वतःला किंग करून घेतलं. मामूंना ही कल्पना फार पसंत. दुकानातली त्यांची तीस वर्षं भरली तेव्हा त्यांनी जुन्या फर्निचरच्या बाजारातून उंच पाठीची, गोल फिरणारी, काळ्या रेक्झिनची खुर्ची आणली आणि सगळ्यांना कुल्फी वाटली. खुर्चीवरचं प्लॅस्टिक त्यांनी कधीच काढलं नाही. बसलं की ती कुरकुरायची आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटायची, पण मामूंचं म्हणणं, "तख्तावर आराम करायचा नसतो." या राज्याभिषेकापर्यंतच मामू इतिहास सांगत. पुढे काय झालं म्हणून विचारलं तर टेपची दोन्ही टोकं ओढत म्हणायचे, "पुढचं काय इंजिनियरने नीट सांगितलं नाय." मी फोनवर वाचलेलं होतं, पण त्यांच्यासमोर बोललो नाही.

आणखी एक पात्र होतं, ज्याच्यावर मामूंचा राग होता. भाच्याच्या गादीची रीत चालत आली, चालत आली, आणि मग एका भाच्याचं एका मुलीवर मन बसलं. त्याने बिशपाची वस्त्रं घालायला नकार दिला, लग्न केलं आणि साधा प्रिन्स झाला. तिथे ती रीत संपली. "एका पोरीपायी!" मामू कात्री टेबलावर आपटून म्हणायचे. "येवडी जुनी रीत, एका पोरीपायी!" ती कात्री पहिल्या मामांची, मुंबईहून बोटीतून आलेली, लोखंडी, इतकी जड की मला ती एका हाताने नीट उचलत नसे. मामूंच्या मते राजदंड असाच असायला हवा.

साठी जवळ आली तेव्हा मामूंच्या बोलण्यात एकच विषय उरला. साठीनंतर इकामा नवा करून घेणं दरवर्षी अवघड होत जाणार होतं. मालक म्हातारा आणि प्रेमळ होता, पण त्याने स्पष्ट सांगितलं होतं: तुझ्यानंतर तुझ्या घरचं कोणी बसलं तर दुकान असंच चालू दे, नाहीतर माझी मुलं जागा भाड्याने देऊन टाकतील. म्हणजे सगळं बहिणीच्या मुलावर येऊन ठेपलं. पोरगा गावी लेडीज टेलर होता, हात सफाईदार. मामूंनी दोन वर्षं बहिणीला फोन केले, व्हिसाची खटपट केली, आणि एका थंडीत भाचा आला. मामू त्याला आणायला विमानतळावर गेले ते नवीन दिशदाशा घालून. स्वतः कधीच दिशदाशा न घालणारा हा माणूस त्या दिवशी इतका भारदस्त दिसत होता, की टॅक्सीवाल्याने त्यांना कुवेती समजून भाडं वाढवून सांगितलं.

भाचा सव्वीसेक वर्षांचा, सडपातळ, लाजरा, कामाला वाघ. दिशदाशाची कुवेती कॉलर, बाही, घेर, सगळं त्याने पटापट उचललं. अडचण एकच होती. त्याच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तो जलीबच्या जिन्यात, दुकानाच्या मागच्या दारात, झाडाच्या आडोशाला फोन घेऊन उभा असायचा. मामू स्वतः मामींशी बोलायचे ते स्पीकर लावून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, कारण त्यांच्या मते नवरा-बायकोच्या बोलण्यात लपवण्यासारखं काय असतं? रेशनचं काय झालं, छपराची कौलं बदलली काय, साखर किती निघाली. संपलं. भाचा भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात हसतोय हे पाहून त्यांना काही सुचत नसे. "काय बोलतोय रे हा येवडा?" त्यांनी मला खरोखरच विचारलं. "तासाभरात कौलं किती वेळा बदलंल?"

रमझानचे शेवटचे दिवस आले. ईदच्या आधी दिशदाशाच्या दुकानात काय चालतं हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. प्रत्येक कुवेतीला ईदच्या सकाळी नवीन दिशदाशा हवा, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच आधी व्हावा. नवीन ऑर्डर घेणं मामूंनी बंद केलं होतं, तरी दारात माणसं उभी. रमझानात आमचं ऑफिस लवकर सुटतं, त्यामुळे मी दुपारी खाली जाऊन बटणं लावायच्या कामात हातभार लावत बसलो होतो. मामू दुपारनंतरची असरची नमाज पढून आले. भाचा एका जुन्या गिऱ्हाइकाचं कापड कापत होता. फिकट निळं, जपानी, महागातलं. गिऱ्हाईक दारात मावणार नाही इतकं रुंद.

मामूंनी कापलेला खांद्याचा तुकडा उचलला आणि थांबले. टेप लावली. बाही उचलली, टेप लावली. मग चष्मा काढून पुसला.

"ह्यो कुठला शेख रे?"

भाच्याने पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. "मामू, चुकलं."

"चुकलं ते दिसतंय. माप कोणाचं?"

"गावी लेडीज शिवायचो ना… हात गेला तसाच."

"लेडीज काय एकाच मापाच्या असतात? खांदा बग, बाही बग. ही एकच बाई हाय. कोण?"

भाच्याचे कान लाल झाले. मला वेळेवर गप्प बसणं कधीच जमलेलं नाही, मी म्हणालो, "कोण आहे?"

"संस्थापका," मामू माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बटणं लाव."

आता कात्री आपटणार, येवडी जुनी रीत म्हणणार, अशी माझी खात्री होती. मामू मात्र सावकाश जाऊन खुर्चीत बसले. प्लॅस्टिक कुरकुरलं. गळ्यातली टेप काढत त्यांनी विचारलं, "तिने लिवून दिलंन माप?"

"नाय," भाचा म्हणाला. "पाठ हाय."

मामूंना शेकडो मापं पाठ होती. गिऱ्हाईक गल्लीच्या टोकाला दिसलं की त्याची छाती आणि बाही त्यांच्या ओठांवर यायची. पोट सुटलेलं त्यांना गिऱ्हाइकाच्या बायकोआधी कळायचं. ते तसेच बसून राहिले, टेपची दोन टोकं दोन हातांत धरून, आणि मग फोन घेऊन बाहेर झाडाखाली गेले. स्पीकर लावायची सवय. आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

"अगो, तुजा खांदा किती?"

"काय?" मामींचा आवाज आला.

"खांदा. माप विचारतोय."

"रोज्याने डोकं फिरलं काय तुमचं? माप कशाला?"

"असंच. माहीत असावं."

"आयुक्षभर कापड धाडलांत, माप कधी विचारलं नाय. आता या वयात? कफनाला माप लागत नाय हो!" आणि मामी खळखळून हसल्या. गमतीनेच म्हणाल्या होत्या त्या. मामू हसले नाहीत.

"कोण शिवतं तुजे कपडे?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हंजे? शेजारची पोरगी. वीस वर्षं झाली. आधी तिची आई शिवायची."

"बरां शिवते?"

"आपल्या कुवेतच्या मास्टरसारखां नाय," मामी म्हणाल्या, "पण येते ती घरी माप घ्यायला."

मामू आत आले. नवीन कापडाचा तागा काढला, पहिल्या मामांची कात्री हातात घेतली आणि त्या रुंद गिऱ्हाइकाचा दिशदाशा स्वतः पुन्हा कापला. चुकलेले निळे तुकडे त्यांनी घडी करून वरच्या फळीवर ठेवले. अजान झाली तेव्हा तिघांनी खजूर खाल्ला. भाचा त्या संध्याकाळी फोन घेऊन बाहेर गेला नाही, तेव्हा मामूच खेकसले, "जा की! वाट बगत असंल ती."

ईदच्या दिवशी दुकान बंद होतं. आम्ही तिघे झाडाखाली शीरखुर्मा घेऊन बसलो होतो आणि मामूंनी आपणहून राजघराण्याचा विषय काढला. त्या वस्त्रं नाकारणाऱ्या भाच्याचा. मी सवयीने म्हणालो, "एका पोरीपायी."

"शहाणा होता," मामू म्हणाले.

"मामू, तुम्ही तर त्याला…"

"मी काय तिथं होतो? इंजिनियरने सांगितलं तसं सांगितलं." त्यांनी वाटी खाली ठेवली. "त्या पोराने मामाला बगितलेलं असणार. येवडा मोठा राजा, बिलियर्डचं टेबल, सगळं हाय, नि रातीचं जेवण एकट्याचं. तेवा त्याने ठरवलंन."

भाचा वाटीतली खारीक चमच्याने फिरवत होता. "मग राज्याचं काय झालं, मामू?"

"राज्याला काय होतंय? चाललं आपलं." मग त्यांनी खुर्चीखालून एक पिशवी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आत निळा कुर्ता होता, गळ्याला बारीक पांढऱ्या धाग्याचं काम. "कटिंग तुजीच हाय. मी नुसता शिवलाय. तिला नेऊन दे."

"सुट्टी देताय? किती दिवसांची?"

"सुट्टी नाय. जा म्हंजे जा."

भाचा घाबरला. "मामू, मी राहतो की. पुन्हा नाय चुकणार. दुकान जाईल, मामू."

"जाईल," मामू म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण हात टेप शोधत गळ्याशी गेला, आणि ईद असल्यामुळे गळ्यात टेप नव्हती. "तू बसशील तर दुकान राहील. मग तू तुज्या भाच्याला आणशील. त्याचंही लगीन झालेलं असंल. मग त्याची बायकोही शेजारणीला माप देत बसंल. कुटंतरी चुकायलाच हवं ना रे कोणाचं तरी? तू चुकलास ते बरंच झालं."

भाचा मान खाली घालून रडला. मामू मला म्हणाले, "संस्थापका, शीरखुर्मा दे त्याला अजून. साखर कमी घाल, आमच्या घराण्यात साखर हाय."

भाचा गेला, आणि दोन महिन्यांनी मामूंनीही आवराआवर केली. मालकाने शेवटचा एक दिशदाशा शिवून घेतला आणि तो घेताना मामूंचा हात बराच वेळ सोडला नाही. ती काळी खुर्ची त्याने आपल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीत नेऊन ठेवली. प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही म्हणतात. मी मामूंना विमानतळावर सोडायला गेलो. कात्री सामानात नीट गुंडाळली होती, भिंतीवरचं चित्रही. चेक-इनच्या रांगेत उभं असताना ते अचानक म्हणाले, "तुला राजाचं पुढचं माहीत हाय ना? मोबाइलमदी वाचलं असशील."

मी म्हणालो, "हो. राज्य गेलं. शेजारच्या राज्यात मिसळून टाकलं. तिथे कारभार त्या राजाच्याच मुलीच्या मुलाकडे होता."

"इंजिनियरने सांगितलेलं मला. रडला होता सांगताना." मामू रांगेत एक पाऊल पुढे सरकले. "राजा परक्या मुलकात गेला नि तिथंच मेला. घरी जायची वाट बगत. मी म्हटलं, हे कशाला सांगायचं लोकांना? माप द्यायला आलेला माणूस, उगाच जीव जड करायचा." मग त्यांनी पासपोर्ट माझ्या छातीवर हळूच आपटला. "पण माजं उलटं झालं बग. माजं राज्यच परक्या मुलकात होतं. ते गेलं, म्हणून मी घरी चाललोय."

रिग्गईत आता त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. झाडाखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या कोणीतरी नेल्या. शुक्रवारी मामूंचा फोन येतो, अर्थातच स्पीकरवर, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "संस्थापका, घराणं वाढतंय की नाय?" मागच्या महिन्यात गावी माझ्या बायकोला मुलगी झाली. तिला आणि तिच्या आईला मी इथे आणणार आहे, घर बघतोय, असं सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मामींना हाका मारून बोलावलं.

मामी फोनवर आल्या आणि तक्रारच सुरू केली. मास्टरांनी, म्हणजे मामूंनी, म्हणे गावी आल्या आल्या त्यांचं माप घेतलं, खांदा, बाही, उंची, तीन वेळा, आणि मोठ्या थाटात त्या जड कात्रीने कुर्ता कापला. मामी घालून बघतात तर त्यात दोन मामी मावतील. "हात अजून तिकडच्या शेखांच्याच मापाचा हाय," त्या म्हणाल्या. "बाह्या बोटांच्या खाली लोंबतात."

मागून मामूंचा आवाज आला, "उसवून देतो म्हटलं तर देत नाय ती! संस्थापका, तूच सांग तिला."

"कशाला उसवायच्या?" मामी म्हणाल्या. "मी दुमडून घेते." आणि मग जरा फोनजवळ येऊन, स्पीकर चालू आहे हे विसरून, त्या हळूच म्हणाल्या, "रोज तोच घालते."

पलीकडे खट् झालं; इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामूंनी स्पीकर बंद केला.